भाव उतरेपर्यंत

४ फेब्रुवारी, मंगळवार
भाव : ११,२०० (एका माणसाचा, एका बाजूचा)

अडतीस वर्षं मी भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारला आणि रोज संध्याकाळी वहीत दिवसाचे भाव लिहिले. गाळा सोडून दोन वर्षं झाली, तशी वहीही सुटली होती. आज कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणली. आता भाजीचे नाही, विमानाच्या जागेचे भाव लिहायचे आहेत.

सकाळी मिरचीचा फोन आला. मिरची म्हणजे आमची लेक. लहानपणी गाळ्यावर आली की मिरच्यांच्या पोत्यावर चढून बसायची, तेव्हापासून हेच नाव. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायची आहे. डॉक्टरांनी वीस मे तारीख दिली आहे. मला म्हणाली, गॅरेजात गाडी टाकतात तसंच काम आहे. मग आईशी पाऊण तास बोलली. फोन ठेवल्यावर हिने एवढंच सांगितलं की ऑपरेशनच्या आधी आपण दोघांनी तिकडे असायला हवं.

जायचं तर आहेच, नाही कोण म्हणतंय? पण बसने दोन दिवस लागतात आणि रेल्वे तिथवर जात नाही, म्हणजे विमान आलं. जावई लगेच म्हणाला की तिकिटं मीच काढून पाठवतो. जावई नकाशे काढतो, आणि त्याचा पगार घेतो. सगळं जग केव्हाच नकाशात येऊन बसलं आहे, हा आता नवीन काय काढतो कुणास ठाऊक. मी त्याला सांगितलं, माझं मी बघतो.

विमानातली जागा हा नाशवंत माल आहे. पालकाची जुडी संध्याकाळपर्यंत गेली नाही तर फेकायची, तशी ही जागा विमान उडालं की गेली वाया. आणि नाशवंत मालाचा भाव शेवटच्या तासाला उतरतो, हे मला कुणी शिकवू नये. सकाळी सहाला चाळीसला गेलेली जुडी मी चार वाजता पाचाला दिलेली आहे. आजपासून साडेतीन महिने आहेत. ओरडू दे त्यांना अकरा हजार दोनशे.

५ फेब्रुवारी, बुधवार
भाव : ११,२००

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी मे महिन्याच्या सहलीची चार तिकिटं आजच काढली. निवृत्त गणितशिक्षक. जिन्यात उभे राहून टेंभा मिरवत होते की वेळेवर घेतलं म्हणून स्वस्त पडलं. तीन महिने आधी भाजी घेऊन ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी फक्त हसलो. गणित शिकवणाऱ्याला हिशोब येतोच असं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
भाव : १०,६००

उतरला. सहाशेने उतरला. मी हिला वही दाखवली.

ही म्हणाली, मग आजच घेऊ. पहिल्या उतरणीला माल उचलतो तो नवशिका, हे हिला चाळीस वर्षांच्या संसारात कळलेलं नाही. तरी तिच्या समाधानासाठी आम्ही बँकेशेजारच्या तिकीट कचेरीत गेलो. तिथे एक बाई बसते. पन्नाशीची असेल, चष्म्याला साखळी, टेबलावर गार झालेला चहा. मला 'काका' म्हणाली. मी ते सोडून दिलं.

तिने समजावल्याचा आव आणला. म्हणे विमानात जागा एकशे ऐंशी, पण त्यांचे ढीग दहा-बारा. पहिला स्वस्त ढीग संपला की दुसरा उघडायचा, तो महाग. दुसरा संपला की तिसरा. कधी ढीग पडून राहिला तर थोडा स्वस्त करतात, तसा आज झाला आहे. मी विचारलं, म्हणजे पुढची खुर्ची मऊ असते का? नाही. खायला जास्त देतात का? तेही नाही. आम्ही बटाटे निवडून लहान-मोठ्याचे ढीग लावायचो. इथे बटाटा एकच, ढीग दहा. याला आमच्या बाजारात शेंडी लावणं म्हणतात, आणि पकडला गेला तर गाळ्याला कुलूप लागतं.

मी उठलो. ही चपलेचा पट्टा लावायच्या निमित्ताने आणखी पाच मिनिटं त्या बाईपाशी रेंगाळली. बायकांना बोलायला विषय लागत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
भाव : १०,६००

ही दुपारी वाचनालयात पुस्तक परत करायला म्हणून गेली आणि दीड तासाने पुस्तक घेऊनच परत आली. गुरुवारी वाचनालय बंद असतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वय झालं की वारांचा गोंधळ होतो.

आल्यावर मात्र खुशीत होती. तिकिटाचा विषय काढला नाही, उलट मला आपणहून चहा करून दिला.

२ मार्च, रविवार
भाव : १३,४००

काल पोस्टाने एक पाकीट आलं. जावयाने हाताने काढलेला नकाशा. विमानतळापासून त्यांच्या घरापर्यंत आणि घरापासून रुग्णालयापर्यंत. बस कुठे थांबते, चढ कुठे लागतो, बसायला बाक कुठे आहे, सगळं बारीक अक्षरात. एका जागी लिहिलंय, 'इथे सावली असते'. एवढा रिकामा वेळ असलेला माणूस संसार कसा चालवतो? नकाशा मी वहीत खूण म्हणून घातला आहे.

भाव चढला, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भाव चढवून घाबरवायचं आणि मग पाडायचं, हा खेळ मीच खेळलेला आहे. मला एक संशय होता, की मी रोज संगणकावर बघतो म्हणून ते यंत्र मला ओळखून भाव वाढवतं. म्हणून मास्तरांकडे जाऊन त्यांच्या यंत्रावर पाहिलं. तोच आकडा. मास्तर गालातल्या गालात हसले. त्यांच्या हसण्याचा हिशोब मे महिन्यात चुकता करीन.

जेवताना हिने मध्येच लग्नाचा विषय काढला. सात वर्षं झाली त्याला. मिरचीने त्या नकाशावाल्याला आपल्या मनाने पसंत केलं, मला न विचारता तारीख ठरवली, आणि नेमक्या त्याच दिवशी बाजारात कांद्याच्या चाळीस गाड्या लागणार होत्या. चाळीस गाड्यांचा लिलाव मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार होतो? पुकारणारे आणखी चौघे होते, पण त्यांच्यात दम नव्हता. ही एकटी जाऊन आली. त्यानंतर मिरची दोनदा इथे आली, मी तिच्या घरी गेलेलो नाही. कारण आजवर सोईचा भाव मिळाला नाही. ही म्हणाली, "सात वर्षांत एकदाही?" मी म्हटलं, तू कधी वही ठेवली नाहीस, तुला काय कळणार.

१९ मार्च, बुधवार
भाव : १४,८००

ही आता बरीच शहाणी झाली आहे. तिकिटाचं नाव काढत नाही. मी भाव वाचून दाखवला की 'बरं' म्हणते आणि आपलं काम करते. काल डोळे तपासून आली, आज चाकांची एक लहान बॅग घेऊन आली. माळ्यावर दोन धडधाकट ट्रंका असताना. पण मन रमवायला काही लागतं माणसाला.

दुपारी रिकामपणी जुने दिवस आठवले. एकदा भर बारा वाजता रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचा मुकादम धापा टाकत आला होता. त्यांची लिंबांची गाडी उलटली होती आणि बाजारात लिंबं फक्त माझ्याच गाळ्यावर. मी तिप्पट भाव सांगितला. त्याने घासाघीस केली नाही, मुकाट्याने पैसे मोजले. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की चौपट सांगायला हवा होता. समोरचा घासाघीस करत नाही म्हणजे तो अडलेला आहे, ही खूण मी पुढे कधी विसरलो नाही. म्हणून सांगतो, भावाच्या बाबतीत मला कुणी टोपी घालू शकत नाही.

७ एप्रिल, सोमवार
भाव : १७,९००

आज त्या तिकीटवालीला चार शब्द सुनवायचेच असं ठरवून गेलो. मास्तरांच्या यंत्रावर मी एक चोरी पकडली होती. मिरचीच्या गावाच्या दुप्पट लांब एक बंदराचं शहर आहे, तिथलं तिकीट सहा हजार. निम्म्या अंतराला तिप्पट पैसे. कागदावर लिहून नेलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

तिने कागद वाचला, चष्मा साखळीवर सोडला, आणि म्हणाली की बंदराला चार कंपन्यांची विमानं जातात, दिवसाला अकरा. तुमच्या लेकीच्या गावाला एकच कंपनी जाते, दिवसातून एकदा. अंतराचा आणि भावाचा संबंध लोक समजतात तेवढा नसतो. त्यातून मे महिन्यात शाळांना सुट्ट्या, सगळ्यांना एकाच वेळी हिंडायचं असतं.

हे मला नवीन नव्हतं. डोंगरापलीकडच्या वस्तीत एकच ट्रकवाला भाजी न्यायचा, त्याला आम्ही महाराज म्हणायचो, आणि तो मागेल ते भाडं लोक द्यायचे. पण ही बाई ते मला शिकवते आहे, याचा राग आला. मी तिला माझा मुद्दा ऐकवला : ठीक आहे, सुट्टी असो नाहीतर एकच कंपनी असो, उडायच्या आदल्या दिवशी जी जागा उरेल ती नासणार आहे की नाही? मग ती मातीमोलाने द्यावीच लागेल.

ती म्हणाली, "काका, संध्याकाळी चार वाजता तुमच्या गाळ्यावर कोण यायचं?"

मी म्हटलं, पिशवी घेऊन हिंडणारे. पाच कमी करा, दोन कमी करा म्हणणारे.

"म्हणजे ज्यांना पालक नाही मिळाला तरी चालतं असे. माझ्याकडे आदल्या दिवशी कोण येतं माहीत आहे? कुणाचे वडील अत्यवस्थ असतात. कुणाला सकाळी दहाला कोर्टात उभं राहायचं असतं. त्यांना गेल्याशिवाय चालत नाही. कंपनीला ते माहीत आहे. ती उरलेली जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवते आणि त्यांच्याकडूनच वसूल करते."

मी तिला स्पष्ट सांगितलं की ही अडवणूक आहे. ती म्हणाली, आहेच. आणि गार चहा प्यायली. असल्या माणसांशी काय बोलायचं. अडलेल्या माणसाला लुटायचं आणि वर तोंड करून कबूल करायचं, एवढा निर्लज्जपणा मी तरी आमच्या बाजारात पाहिला नाही.

२४ एप्रिल, गुरुवार
भाव : २२,३००

चढतो आहे. बसचा विचार केला, एकतीस तास, तीन ठिकाणी बदली. दुसऱ्या शहराला जाऊन तिथून विमान धरायचाही विचार केला, ते आणखी महाग. पण माझा अंदाज अजून बदललेला नाही. उन्हाळ्यात टोमॅटो असाच चढतो, शंभराला जातो, आणि मग एका रात्रीत कोसळतो. ज्याचा धीर सुटतो तो शंभरला घेतो.

हिचं काहीतरी वेगळंच चाललं आहे. रोज मला स्वयंपाकघरात उभं करते. तांदळाला पाणी किती, शेगडीची चावी कुठे बंद करायची, अंडी किती मिनिटं उकडायची. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत : साखर, मीठ, चहा. मिठाच्या चिठ्ठीवर 'मीठ, साखर नव्हे' असं लिहिलंय. मी काय आंधळा आहे? म्हटलं, हे कशाला? म्हणाली, असू दे, माणसाला यावं. म्हातारपणी बायकांना नवऱ्याला शिकवायची हौस येते, असं मास्तरही म्हणत होते.

मिरचीचा फोन आता रोज येतो. बोलताना मध्ये थांबते. जिना चढून आले म्हणते, पण तिच्या घराला जिना नाही. नकाशात तसं कुठे दिसत नाही.

२ मे, शुक्रवार
भाव : २९,५००

ऑपरेशन अलीकडे आणलं. वीसचं नऊ तारखेला. मिरचीला दम लागायला लागला, रात्री आडवं होता येईना, डॉक्टर म्हणाले थांबायचं नाही. जावयाचा फोन होता. आवाज अगदी संथ, जसा नकाशा वाचत असावा. या माणसाला घाम कशाने फुटतो ते एकदा बघायचं आहे.

मी संगणक उघडला. एकोणतीस हजार पाचशे. मी हिला म्हटलं, दोघांचे एकोणसाठ, हा भाव नाही, हा दरोडा आहे, दोन दिवस थांबू, शनिवार-रविवार गेला की उतरेल.

ही आत गेली आणि कपाटातून एक कागद घेऊन आली. तिचं तिकीट. तेरा फेब्रुवारीला घेतलेलं, दहा हजार सहाशेला, वर पंधराशे जास्त देऊन, तारीख बदलता येईल असं. त्या तिकीटवालीने तिला सांगितलं होतं म्हणे की ऑपरेशनच्या तारखांचा भरवसा नसतो. पैसे हिचे स्वतःचे, शिवणकामातून साठवलेले. जावयाचा फोन ठेवल्याबरोबर तिने कचेरीत फोन करून तारीख बदलूनही घेतली होती. रविवारचं विमान.

अडीच महिने मला ताकास तूर लागू दिली नाही. मी रोज भाव वाचून दाखवत होतो आणि ही 'बरं' म्हणत होती. आता कळलं बॅग कशाला, डोळे कशाला, आणि गुरुवारचं वाचनालय कशाला. अडतीस वर्षांत एकाही व्यापाऱ्याने मला असं गंडवलं नाही.

मी विचारलं, माझं का नाही घेतलंस? माझा आवाज चढला होता. तिचा नाही.

"घेणार होते. त्या बाईने विचारलंसुद्धा, एक की दोन. पण तुम्हाला जायचं आहे का नाही, हेच मला कळेना."

हा काय प्रश्न झाला. मी रोज उठून भाव बघतो तो कशासाठी? जायचं नसतं तर वही कशाला आणली असती? मी तिला हे विचारलं. तिने तिकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि ती कणीक भिजवायला गेली. मी वही परत पहिल्यापासून वाचली. तीन महिने रोजचा भाव आहे, एकही दिवस सुटलेला नाही.

४ मे, रविवार
भाव : ३१,०००

हिला विमानतळावर सोडून आलो. पहिल्यांदाच आत जाऊन पाहिलं. काचेच्या पलीकडे शे-दोनशे लोक रांगेत, सगळे आपापल्या वेगळ्या भावाचे, आणि कुणाच्या तोंडावर काही लिहिलेलं नाही. ही रांगेतून वळून हात हलवत होती. बॅग चाकांवर बरी चालत होती, ते मान्य करायला हवं.

घरी येऊन भात लावला. खाली लागला. पाणी तिने सांगितलं तेवढंच घातलं होतं, शेगडीच जुनी झाली आहे.

६ मे, मंगळवार
भाव : ३५,२००

मिरचीचा फोन. थेट मला केला, आई रुग्णालयाच्या उपाहारगृहात गेली होती तेव्हा. मिरचीला आता रुग्णालयातच ठेवून घेतलं आहे.

म्हणाली, "बाबा, भाव काय चाललाय?"

मी सांगितला. चढण्याची कारणंही सांगितली, सुट्ट्या, एकच कंपनी, ढीग. ती ऐकत होती. तिचा श्वास मला फोनमधून मोजता येत होता. लहानपणी लिलावाच्या वेळी ती माझ्यामागे उभी राहून आकडे मोजायची, तसे मी आज तिचे श्वास मोजत होतो आणि तोंडाने भाव सांगत होतो.

मग ती म्हणाली, "असू दे बाबा. उतरला की या."

टोमणा असता तर मला उलटं बोलता आलं असतं. टोमणा नव्हता. लग्नाच्या वेळीही ती असंच म्हणाली होती, असू दे बाबा, कांदा महत्त्वाचा. ते मी आजपर्यंत कुठे लिहिलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर चहा करायला घेतला. चहात मीठ पडलं. चिठ्ठी वाचूनसुद्धा.

७ मे, बुधवार
भाव : ३८,७००

सकाळी नऊला तिकीट कचेरी उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. बाईने कुलूप काढलं, दिवा लावला, चष्मा चढवला, यंत्र सुरू व्हायला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत मी ठरवलं होतं की कुठून सुरुवात करायची : तीस म्हणायचं, तेहतीसपर्यंत यायचं, उठायचं नाटक करायचं.

तिने विचारलं, कधीचं हवं? माझ्या तोंडून निघालं, "पहिलं जे असेल ते."

आमच्या धंद्यात असं बोलणारा माणूस संपला. तो काय देईल हे विचारायचीही गरज नसते. बोलून गेल्यावर मला ते कळलं, आणि तिलाही कळलं असणार, कारण ती काही क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, उद्या सकाळी सातचं आहे, शेवटच्या चार जागा, अडतीस हजार सातशे.

मी घासाघीस केली नाही. पैसे मोजले. मला तो लिंबं न्यायला आलेला मुकादम आठवला. त्याच्या सदऱ्याची बगल घामाने भिजलेली होती, हे इतक्या वर्षांनी आज कसं आठवलं ते माहीत नाही. त्या दिवशी लिंबं कुणाला हवी होती, हेही मी त्याला विचारलं नव्हतं.

तिने तिकीट पाकिटात घालून दिलं आणि विचारलं की परतीचं काढू का. मी नको म्हटलं. दाराशी गेल्यावर मागून म्हणाली, "काका, उद्या पाचला निघा. रस्त्यात खोदकाम चालू आहे." मला वाटलं होतं ती हसेल. हसली असती तर बरं झालं असतं.

जिन्यात मास्तर भेटले. बॅगांना दोऱ्या बांधत होते, त्यांचीही सहल उद्याच, बंदराला. किती पडलं विचारलं. मी म्हटलं, पडलं ठीक. मास्तरांनी पुढे विचारलं नाही, उलट माझी ट्रंक खाली आणायला हात लावला. मी त्यांना शेगडीची चावी बंद आहे ना हे एकदा बघायला सांगणार होतो, पण तेही उद्या जाणार. मीच तीनदा बघितली.

८ मे, गुरुवार
विमानात लिहितो आहे.

तेविसावी रांग, मधली जागा. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात. डावीकडे एक दंतवैद्य, उजवीकडे एक बाई बाळ घेऊन. दंतवैद्याने आपणहून सांगितलं की त्याने जानेवारीत काढलं, साडेनऊ हजार. त्याला मी न विचारता सांगायची काय गरज होती? मला विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं, म्हणजे त्या बाईच्या बाळावरून. बाई म्हणाली की बाळाची आजी वारली, काल कळलं. तिला भाव कुणी विचारला नाही. मलाही विचारवला नाही.

उडाल्यावर मी उठून मागेपर्यंत जाऊन मोजलं. तीन जागा रिकाम्या. तीन. नासवल्या, पण स्वस्तात दिल्या नाहीत. पहिल्यांदा मनात आलं, काय हा माज. मग आठवलं, एका वर्षी कोबी इतका आला की भाव टिकवायला आम्ही सात गाड्या खड्ड्यात ओतल्या होत्या, आणि कुंपणापलीकडे पिशव्या घेऊन बायका उभ्या होत्या. पुकारा माझाच होता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खरं तर त्या रात्री मी छान झोपलो होतो.

पुढचं रात्री लिहितो. जावई विमानतळावर येणार होता, मी नको म्हटलं, तू तिच्यापाशी थांब. नकाशा काढला. बस तिथेच थांबते. चढ तिथेच लागला. बाकावर बसलो, आणि खरोखर सावली होती.

९ मे, शुक्रवार

काल पोचलो तेव्हा तिला तपासण्यांना नेलं होतं, भेटू दिलं नाही. आज सकाळी ऑपरेशनच्या आधी दहा मिनिटं दिली. पोरगी निम्मी झाली आहे. हिरवा अंगरखा, केस टोपीत. ही एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला. मी पायाशी उभा राहिलो, कारण तिथेच जागा होती.

मिरची म्हणाली, "उतरला का भाव?"

माल कितीला पडला हे मी आयुष्यात कुणाला खरं सांगितलेलं नाही, हिलासुद्धा नाही. मी म्हटलं, "नाही. अडतीस हजार सातशे दिले."

तिने हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसायला लागली. दम लागेपर्यंत हसली. परिचारिका रागावली. मिरची डोळे पुसत म्हणाली, "मला तर वाटत होतं, फुकट दिलं तरी तुम्ही यायचे नाहीत."

आणि तिला घेऊन गेले.

पाच तास चाळीस मिनिटं लागली. जावई माझ्याशेजारी बसला होता. तो कागदावर काहीतरी काढत होता. बघितलं तर आम्ही बसलो होतो त्याच बोळाचा नकाशा : दार, खुर्च्या, पाण्याची टाकी, खिडकी. तेच पुन्हा पुन्हा, सहा कागदांवर. त्याचा सदरा बगलेत पूर्ण भिजलेला होता. मी उठून टाकीतून दोन पेले पाणी आणलं, एक त्याला दिला. सात वर्षांत आमच्यात झालेला हा पहिला व्यवहार.

तीन वाजता डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, झडप बसली, व्यवस्थित चालते आहे. ही खाली बसली. जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी काय केलं ते लिहायची गरज नाही.

२१ मे, बुधवार
परतीचा भाव : ९,१००

मिरचीला घरी आणून पाच दिवस झाले. ती बोळात तीस पावलं चालते, मी मागून मोजतो. खोल्या दोनच आहेत, मी पुढच्या खोलीत कोचावर झोपतो, कोच आखूड आहे. जावई भात बरा करतो. त्याच्या पद्धतीत पाणी जास्त आहे, पण मी बोललो नाही.

जेवताना हिने परतीचा विषय काढला. सुट्ट्या संपत आल्या, आता नऊ हजार आहे, महिनाअखेरचं काढून टाकू म्हणाली. जावयाने यंत्र पुढे ओढलं.

मी त्याला म्हटलं, राहू दे. मिरचीने विचारलं, का? मी सांगितलं की नऊ हजार म्हणजे काय, ही शुद्ध लूट आहे, हे लोक अडवणूक करायला बसलेले आहेत, आणि मी काही नवशिका नाही.

"मग किती थांबणार?" मिरची म्हणाली.

मी म्हटलं, भाव उतरेपर्यंत.

तिने हात पुढे करून यंत्र बंद केलं.  नंतर स्वयंपाकघरात गेलो तर ही डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. म्हणाली, इथले डबे तुम्हाला अजून सापडत नाहीत, आणि मुक्काम लांबणार दिसतो.